हलगीवर ठेवलेली वही

मला त्या दिवसाचा राग अजून येतो. नोकरी संपली, आमचे साहेब निवृत्त होऊन कुठे गेले ठाऊक नाही, तरी लोकसंगीत हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. टीव्हीवर कुणी हलगी वाजवताना दिसला आणि समोर खुर्च्यांवरची माणसं माना डोलावताना दिसली, की मी उठून स्वयंपाकघरात जाते आणि उगीच भांडी आपटते. घरातले आता विचारत नाहीत.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जळगावला एका सरकारी कचेरीत मी टायपिस्ट म्हणून लागले, त्याला वर्षही झालं नव्हतं. साहेब हौशी. शहरातली चार माणसं धरून त्यांनी एक मंडळ काढलं होतं आणि मंडळाने ठरवलं की एक अख्खा रविवार लोकसंगीताचा करायचा. सकाळी कानबाईची गाणी म्हणणाऱ्या बाया, मग डफावर देवीची कवनं, दुपारी साक्रीकडची पावरी वाजवत नाचणारी मंडळी. अधूनमधून मांडवात बैठक, ज्याला येईल त्याने गावं. कल्पना वाईट नव्हती, हे आजही म्हणते. मला केबिनमध्ये बोलावून साहेब म्हणाले, "तुमचे वडील कलाकार आहेत म्हणे."

"गातात," मी म्हणाले. "गाणी स्वतः रचतात. जयंतीला वस्त्यावस्त्यांतून बोलावणं असतं त्यांना."

"आणि हलगी?"

"पूर्वी वाजवायचे."

"म्हणजे अस्सल," साहेब खूश झाले आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

तिथेच मी बोलायला हवं होतं. पूर्वी म्हणजे कधी आणि बंद का झालं, हे मला कळायला लागल्यापासून माहीत होतं. एरंडोलजवळ आमचं गाव. गावाची हलगी आमच्या वस्तीकडे. बैल मेला, माणूस मेलं, वरात निघाली, दवंडी द्यायची झाली, की गावातून नुसती हाक यायची आणि आजोबा भरल्या ताटावरून उठायचे. लग्नात मांडवाबाहेर उभं राहून वाजवायचं आणि पंगती उठल्या की उरलंसुरलं फडक्यात बांधून आणायचं. वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी ठरलं, ही हाक यापुढे ऐकायची नाही. सगळ्यांनी आपापली हलगी नेऊन अंजनी नदीच्या पाण्यात सोडली. आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा विशीतले, आणि वस्तीत त्यांच्याइतका तयार हात दुसरा नव्हता. आपली हलगी त्यांनी स्वतःच्या हाताने सोडली. गावाने दोन महिने वस्तीतल्या कुणाला मजुरीला बोलावलं नाही. त्या दोन महिन्यांत आबा बाजाची पेटी शिकले आणि दोनशे पानी वहीत त्यांनी पहिलं गाणं लिहिलं. पुढे आम्ही पोरांनी घरात डबा बडवला तरी ते म्हणायचे, "ऱ्हाऊ दे माय."

हे सगळं ठाऊक असून मी केबिनमध्ये तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले. का, तर साहेबांनी पहिल्यांदा मला बसा म्हटलं होतं.

त्याहून वाईट पुढे झालं. कार्यक्रमपत्रिकेची स्टेन्सिल कापायचं काम माझ्याकडेच आलं. आबांचं नाव आणि त्यापुढे 'पारंपरिक हलगीवादन' ही अक्षरं माझ्या बोटांनी उमटली. स्टेन्सिलवर चूक झाली तर लावायचं लाल पाणी टेबलावरच असायचं. एक ठिपका लावायचा, वाळू द्यायचा आणि वरून 'गायन' टाईप करायचं, एवढंच काम होतं. मी त्या बाटलीला हात लावला नाही. स्टेन्सिलवर उठलेलं आबांचं नाव पाहून मला बरं वाटत होतं. आबांना घरी जाऊन सांगितलं, गाण्याचा कार्यक्रम आहे. हलगीचं अवाक्षर काढलं नाही.

रविवारी आबा सकाळच्या एसटीने आले. धुतलेला सदरा, सोबत पेटी वाजवणारे त्यांचे एक मित्र, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. सकाळभर आबा मांडवात पुढे बसून कानबाईची गाणी ऐकत होते. असोद्याकडच्या बायांनी फेर धरला तेव्हा बसल्या जागी मांडीवर ताल धरत होते. चांगलं गाणं कुणाचंही असो, त्यांना आवडायचं. मी मागे उभी होते.

त्यांची पाळी आली दुपारी. आबा आणि मित्र पेटी घेऊन स्टेजवर बसले. साहेबांनी माईक हातात घेतला आणि मातीचा आवाज, रक्तातला ताल असं बरंच काही बोलले. तेवढ्यात पडद्यामागून एक कार्यकर्ता हलगी घेऊन आला. मागे कागद पेटवून त्यांनी ती छान शेकूनही ठेवली होती, म्हणजे कातडं ताणलं जाऊन आवाज खणखणीत निघेल. तयारीत काही कमी नव्हतं. वाजवणाऱ्याला विचारायचं तेवढं राहिलं होतं. हलगी थेट आबांच्या हातात दिली.

आबांनी हलगीकडे पाहिलं, मग साहेबांकडे. साहेब हसत होते. पहिल्या रांगेत आमच्या गावचे नाना बसले होते, पाहुणे म्हणून बोलावलेले. त्यांच्याच अंगणात आजोबा उभे राहून वाजवायचे. नाना बसल्या जागेवरून म्हणाले, "वाजाड रे, लाजस काय? बठ्ठा लोक आयकाले बसेल शेत."

मांडवाने टाळ्यांचा ठेका धरला. शहरातली शिकलेली माणसं, चष्मे लावलेले प्राध्यापक, सगळे एका तालात. आबांची नजर गर्दीत मला शोधत आली आणि सापडली तेव्हा मीही टाळ्या वाजवत होते.

हे लिहितानासुद्धा स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटते. पण खोटं का लिहू? वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडून आबांच्या हाताची वाखाणणी ऐकत मी मोठी झाले होते. तो हात मी कधी ऐकला नव्हता. मला एकदा ऐकायचा होता.

आबांचा अंगठा कातड्यावरून एकदा फिरला. टाळ्या थांबल्या. मग त्यांनी हलगी पालथी केली, समोर ठेवली, तिच्यावर आपली वही उघडून ठेवली आणि मित्राला सूर द्यायला सांगितलं. दोन गाणी म्हटली. आवाज जरासुद्धा हलला नाही. नाना पहिल्याच गाण्यात उठून चहाला गेले. टाळ्या आल्या, पण पाहुण्याला पाणी द्यावं तेवढ्याच.

खाली उतरल्यावर साहेब आलेच. "छान झालं. पण हलगी छापलेली होती हो पत्रिकेत. लोकांचा हिरमोड झाला."

"कोनी छापी?" आबांनी विचारलं.

"ही काय, तुमच्या मुलीनेच टाईप केली."

आबांनी वही पिशवीत घातली. ती पिशवी मी त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली आणि पुढे चालू लागले.

एसटी स्टँडवर आबांचे मित्र पेटी घेऊन गाडी पाहायला पुढे गेले. मी बाकावर बसले आणि माझं तोंड सुटलं. साहेबांना काही कळत नाही, नानांची अजून गुर्मी गेली नाही, ज्यांच्या बापांनी आम्हाला मांडवाबाहेर उभं केलं तेच आता मांडवात बसून कला जपायला निघाले. एकही शब्द खोटा नव्हता. बाजूची माणसं वळून बघायला लागली. आबांनी मला बोलू दिलं.

"बोली झायं?" ते म्हणाले. "तुले माहीत व्हतं ना?"

"हो."

"टाळ्याबी वाजाडी राह्यंती तू."

"मला एकदा ऐकायचं होतं, आबा."

"मंग माले घर इचारती," आबा म्हणाले. "मी नहीच म्हनतू. पन तू तरी इचारती."

एरंडोलची गाडी लागली. माझ्या मांडीवरची वहीची पिशवी त्यांनी उचलून घेतली आणि ते गाडीकडे गेले.