पंचिंगचं कार्ड

ड्रॉवर आवरताना पंचिंगचं जुनं कार्ड हाताला लागलं आणि फाउंड्रीतल्या जळक्या वाळूचा वास आला. तिथं कामाला असताना एका रात्री उचगावला म्हाईच्या जत्रेचं मटण जेवून मी पाहुण्यांकडंच झोपलो होतो. सकाळी माझं कार्ड शेजारी साचे भरणाऱ्या मोल्डरनं पंच केलं आणि तो सापडला. मी साडेनऊला पोचलो, तेव्हा साहेबांनी विचारलं, "ह्याला तू सांगितलं होतंस?" "न्हाय सायेब," मी म्हणालो. खरं तर गळ मीच घातली होती. त्याची नोकरी त्याच दिवशी गेली. डबा घेऊन गेटबाहेर पडताना तो एवढंच म्हणाला, "मटण तरी आणायचं हुतंस की लेका." त्यानंतर मी कधी उशिरा गेलो नाही. परवा नियमित हजेरीबद्दल कंपनीनं शाल दिली. तिची घडी अजून मला मोडवली नाही.