आबांचा ताण आणि म्हशीचा पान्हा

आबांच्या कमरेतले दोन मणके एकमेकांवर टेकायला आलेत. मधली चकती झिजली आहे. एमआरआय तसं सांगतो, पण आबांच्या मते ते मशीनच खोटारडं. जन्मभर म्हशीखाली उकिडवं बसून धारा काढल्यावर चकती झिजणार नाही तर काय बाळसं धरणार? डाव्या पायाला मुंग्या येतात, चप्पल निसटली तरी कळत नाही. हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं, तसे आबा खुर्चीतून ताडकन उठून बाहेर गेले. तेवढं बरं जमलं.

मग मी कायरोप्रॅक्टर शोधला, म्हणजे बिनऑपरेशनचा मणके सरळ करणारा. शोध माझा, म्हणून बोलणीही मलाच. त्यांनी आबांना एका लांब टेबलावर झोपवलं, एक पट्टा छातीला, एक कमरेला बांधला आणि मशीन हळूहळू दोन्हीकडं ओढायला लागलं.

"पावणं, जरा बेतानं," आबा म्हणाले. "मी काय औताचा बैल न्हाय."

माणूस सरळ होता. झिजलेली चकती काही नवी होत नाही म्हणाला. ताण देऊन शिरेवरचा दाब हटला तर बरं वाटेल, पण उकिडवं बसणं बंद म्हणजे बंद. पायातली ताकद कमी झाली तर मात्र ऑपरेशनला पर्याय नाही. हाडांच्या डॉक्टरांनीही मान डोलावली आणि घरी करायला पट्टा, कप्पी, दोरी आणि वजनं लिहून दिली. रोज संध्याकाळी वीस मिनिटं कॉटवर पडून राहायचं. एवढंच.

आणि घोडं पेंड खातं ते इथंच, कारण संध्याकाळ ही आबांची दूधकट्ट्यावर जायची वेळ. कट्ट्यावर म्हस समोर उभी करायची, गिऱ्हाइकाच्या देखत धार काढायची आणि फेसासकट पेला त्याच्या हातात द्यायचा. डेअरीचं दूध आबांच्या लेखी पाणी.

"मी न्हाय गेलो तर लोकांनी काय करायचं?"

"पिशवीतलं प्यायचं."

"आणि म्हशीनं? तिला माझ्या हाताबिगर पान्हा फुटत न्हाय, म्हाईत हाय की तुला."

या एका वाक्यापुढं कुणाचं काही चालत नाही. आईचे गुडघे गेलेत, भाऊ पुण्यात. राहिले मी, कॉलेजात शिकवून थेट माहेरी येऊन बापाच्या कमरेला पट्टा आवळणारी. पट्टा बांधून, वजनं लावून मी चहा ठेवायला आत जायची आणि परत येईतो कॉट रिकामी. ये रे माझ्या मागल्या! एकदा तर कट्ट्यावर पोचले, तर आबा पट्ट्यासकट म्हशीखाली बसलेले आणि कप्पीची दोरी मागं शेपटासारखी लोळत होती. मी तिथंच तोंड सोडलं. एक गिऱ्हाईक शांतपणे म्हणालं, "ताई, एवढा पेला भरू द्या की, मग भांडा."

असं किती दिवस चाललं असेल देव जाणे. मग एका संध्याकाळी पेला भरला, गिऱ्हाइकाच्या हातात गेला, पण आबांना उठता येईना. डावा पाय हलेचना. दोघांनी काखेत हात घालून त्यांना उचललं. त्यांचा चेहरा बघून माझा राग कुठल्या कुठं पळाला आणि मला नुसती भीती वाटली. डॉक्टरांनी शेवटची मुदत दिली: महिनाभर ताण आणि विश्रांती, पाय सुधारला नाही तर ऑपरेशन.

दुसऱ्या दिवशी आईनं आबांचा न धुतलेला शर्ट माझ्यापुढं टाकला. "घाल. डोक्याला त्यांचा टॉवेल बांध. जनावर वासानं वळखतंय."

मी, साडीवर बापाचा शर्ट चढवून, भर कट्ट्यावर म्हशीखाली बसले. समोर माझाच एक विद्यार्थी पेला घेऊन उभा. लहानपणी शिकलेलं बोटांनी विसरलं नव्हतं. म्हशीनं शर्ट हुंगला, सड ओढू दिले आणि थोड्या वेळानं पान्हा सोडला. घरी आले तर आबा कॉटवरून विचारतायत, "शर्ट घातला हुतास न्हवं?"

"घातला होता."

"मग बरोबर हाय," म्हणाले. मी पट्टा बांधला आणि दहा मिनिटांत तो सोडायला हाका सुरू. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही.

रोज तोच प्रश्न, रोज तेच समाधान आणि रोज अर्ध्यात पट्टा सोडणं. आठवड्यानं शर्ट इतका वास मारायला लागला की आईनंच धुवायला टाकला. मी घाईत तशीच गेले, माझ्या साडीत, माझ्या पावडरीच्या वासात. बसल्यावर लक्षात आलं. उठावं म्हटलं, तर म्हशीनं पान्हा सोडलेला. रवंथ करत उभी, मानसुद्धा वळवली नाही.

घरी आले. आबांनी विचारलं, "शर्ट घातला हुतास न्हवं?"

हो म्हटलं असतं तर म्हशीला आपलाच वास लागतो म्हणून पुन्हा अर्ध्यात पट्टा सुटणार. मी दाराला धरून उभी राहिले.

"नाही, आबा. शर्ट धुवायला टाकलाय."

"तरी दिलं तिनं?"

"दिलं."

आबांनी तोंड भिंतीकडं वळवलं. मी पट्टा बांधला, वजनं लावली आणि आत जाऊन चहा ठेवला, तो उकळून खाली उतरवला, कपात ओतला. वीस मिनिटं होऊन गेली तरी पट्टा सोडायला त्यांची हाक आली नाही.