तळहात दाखवून रस्ता ओलांडणे

माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला रस्ता ओलांडायला मी शिकवलं, हा गुन्हा मी सुरुवातीलाच कबूल करतो.

सई लहान असताना तिचं बोट धरून, दुसरा तळहात गाड्यांना दाखवत मी परळचा अख्खा रस्ता पार करायचो. हात दाखवला की टॅक्सी थांबते, ही माझी श्रद्धा! (टॅक्सीवाला काय म्हणतो ते तिच्या कानावर पडू नये म्हणून मी मोठमोठ्याने पाढे म्हणायचो.)

परवा बायको भाजी घेत होती. बघते तर समोर पादचाऱ्यांचा लाल दिवा, आणि क्लासला निघालेली आमची कन्या तळहात दाखवत थेट बससमोरून पलीकडे!

"मैत्रिणी पुढे गेल्या होत्या," सई घरी म्हणाली. "मी एकटीच थांबले असते तर फट्टू म्हणाल्या असत्या."

"उद्यापासून एकटीने क्लासला जाणं बंद. मी सोडायला येणार!" बायकोने जाहीर केलं.

सई रडकुंडीला आली. आई सोडायला येणार म्हणजे मैत्रिणींत राहिलेली अब्रूही गेली! शेवटी तडजोड झाली. मी तिला नीट शिकवायचं, मग बायको परीक्षा घेणार.

रविवारी आम्ही तिघं भोईवाड्याच्या सिग्नलला उभे राहिलो. मी घसा खाकरला. "सई, मित्र गेले म्हणून आपण जायचं नसतं. कोणी हसलं तर हसू दे. स्वतःची अक्कल—"

"काय रे दिन्या!" पलीकडून माझा शाळेतला दोस्त बाळ्या ओरडला. "सिग्नलला थांबतोस? म्हातारा झालास काय?"

पुढचं मला नीट आठवत नाही. तळहात वर गेला, एवढं खरं. टॅक्सी करकचून थांबली, माझ्या गुडघ्यापासून वीतभर! त्याच क्षणी कोणीतरी मला कॉलर धरून मागे खेचलं. सई होती. चेहरा पांढराफटक.

"बाबा, वेडा आहेस का तू?" मग जरा वेळाने, हळूच, "फट्टू म्हणाला असता ना तो?"

उत्तर टॅक्सीवाल्याने दिलं, पुष्कळ शब्दांत, आणि मला एकही पाढा आठवेना.

बायकोने तिथल्या तिथे निकाल लावला. सई पास! आता ती क्लासला एकटी जाते, दिवा हिरवा होईपर्यंत थांबून.

मला मात्र एकट्याने दादरला जायची परवानगी नाही. सईला वेळ असेल तेव्हा ती बोट धरून नेते. बाळ्या दिसला की मी बोट सोडवायला बघतो. ती सोडत नाही.