बावटे मास्तरांचं स्टेशन

“मास्तर, लाल बावटा दाखवा,” मी तिसऱ्यांदा म्हटलं, आणि तिसऱ्यांदा तो म्हणाला, “कारण काय लिहू?”

माझी थोरली लेक कुसुम फलाटावर बाजेवर पडली होती. पहिलटकरीण. पोर आडवं आलं होतं. सुईणीने सकाळीच हात टेकले आणि नगरच्या दवाखान्यात न्या म्हणाली. न्यायचं कशात? बहात्तरचा दुष्काळ. बैल छावणीत, एसटी फाट्यावर संध्याकाळी. लांब वळणावर मालगाडीचा धूर तेवढा दिसत होता, आणि ती गाडी आमच्याकडे थांबणारी नव्हती.

“कारन ह्ये काय पडलंय तुमच्या फुडं!”

त्याने बाजेकडे पाहिलं नाही. तो कोटाची बटणं लावत होता.

हा आमचा स्टेशनमास्तर. गाव त्याला बावटे मास्तर म्हणायचं, कारण काखेत गुंडाळलेला हिरवा बावटा असल्याशिवाय तो परसाकडेही जात नसे. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करत होते. लिहिताना करणार नाही.

स्टेशन मात्र बघण्यासारखं होतं. साहेबाच्या अमदानीतलं, काळ्या दगडाचं, कमानीचं. माझ्या आजेसासऱ्याने त्याचे दगड वाहिले होते. एके काळी सोनईकडचे व्यापारी इथे उतरायचे. माझ्या आठवणीतसुद्धा पॅसेंजर आली की मी उकडलेल्या शेंगांची पाटी घेऊन खिडक्यांखालून पळत असे. मग एके दिवशी पॅसेंजर थांबायची बंद झाली. वरून कागद आला म्हणे, की इथे उतारू नाहीत. उतारू होते की! पण आमचं गाव मोठं शहाणं. तिकीट काढणारा तो खुळा, अशी रीत. नगरला जायचं तर मागच्या बाजूने रुळावर उतरून डब्यात शिरायचं. त्यामुळे कागदावर आमच्या स्टेशनात माणूसच नव्हतं. स्टेशन गेलं तेव्हा सगळ्यात मोठ्याने बोंब मारली ती या फुकट्यांनी.

गाड्यांनी एकमेकींना वाट देण्यापुरतं स्टेशन चालू राहिलं, आणि मास्तरही राहिला. बायको नगरला, तो इथे एकटा. उतारू गेले पण त्याचा तोरा गेला नाही. छपराला रुळाचा तुकडा टांगलेला होता, तो ठोकून गाडी येत असल्याची वर्दी द्यायची. कुणाला? फलाटावर तीन शेळ्या आणि मी. शेळ्या उठत नसत, म्हणून मीही उठत नसे.

“बाई, घंटा झाली. मागे सरा,” तो म्हणायचा.

“आन् न्हाई सरले तर?”

“तर जबाबदारी रेल्वेची नाही.”

एकदा म्हातारा मेंढपाळ सावलीला टेकला होता, त्याच्याकडे याने फलाटाचं तिकीट मागितलं. मेंढपाळ म्हणाला, “द्या की मालक. येक मला, येक कुत्र्याला. त्ये बी बसलंय.” मास्तर लालेलाल झाला. तिकिटं कधीच परत मागवून नेलेली होती.

पहिल्या वर्गाच्या उतारूंची म्हणून एक खोली होती. तिच्यात वेताची आरामखुर्ची. रोज सकाळी कुलूप काढायचा, खुर्ची पुसायचा, पुन्हा कुलूप लावायचा. त्या उन्हाळ्यात रुळाशेजारी दुष्काळी कामाची खडी फोडायला बाया येत होत्या. डोकी भाजत होती, अंगावर पिणारी पोरं फाटक्या लुगड्याच्या सावलीत निजवलेली होती. मी म्हटलं, “मास्तर, ती खोली उघडा. पोरं तरी आत निजतील.”

“कुणी साहेब आले तर?”

“कोन मरायला येतोय हितं?”

“बाई, रेल्वेत माणूस चुकतो, कागद चुकत नाही. कागदावर ती खोली पहिल्या वर्गाची आहे.”

त्याचं हे वाक्य आठवलं की माझ्या डोक्यात आजही सणक जाते. पण खरं तेही लिहायला हवं. रोज दुपारी तो स्वतःच्या माठातलं पाणी त्या बायांना वाढायचा. तेसुद्धा कसं? बावटा काखेत धरून, तोंड दुसरीकडे करून, चोरासारखं. चांगलं करतानाही याला कुणी पाहिलेलं चालत नसे.

आता त्याच्या खऱ्या मिजाशीबद्दल सांगते. गाडी न थांबता पुढे जाणार असली की मास्तरच्या हातात वेताचं मोठं कडं असायचं. कड्याला चामड्याची पिशवी, पिशवीत लोखंडी गोळा. गाडी हळू होते, इंजिनातला माणूस बाहेर वाकून कड्यात हात घालतो आणि ते ओढून घेतो. गोळा मिळाला म्हणजे पुढची लाईन मोकळी. नाही मिळाला तर ड्रायव्हरला थांबावंच लागतं. खरं म्हणजे हे काम पोर्टरचं. पण पोर्टरला बाजूला सारून हा स्वतः उभा राहायचा, कारण तेवढ्या वेळात इंजिनातली दोन माणसं त्याचा पांढरा कोट बघायची. “अख्ख्या नोकरीत माझ्या हातून गोळा सुटलेला नाही,” हे त्याने मला किती वेळा ऐकवलं असेल! मी म्हणायची, “मंग सरकारला सांगा, तुमचा पुतळा बांधंल.”

कुसुमला फलाटावर आणलं त्या दुपारी त्याने आधी टेलिफोनचा दांडा फिरवला. पलीकडून कुणीतरी म्हणालं, विचारून सांगतो. कुसुमने माझा पदर धरला होता तो सोडत नव्हती. “आये, मला घरी ने,” म्हणाली. ओठ पांढरे पडले होते. तेवढ्यात इंजिनाची शिट्टी झाली आणि मास्तर हिरवा बावटा आणि कडं घेऊन फलाटाच्या कडेला निघाला.

मग माझं तोंड सुटलं. “बाप्या हायेस का बुजगावनं रं? तुझी लेक आसती तर कागदच चाटत बसला आसतास?” अहो-जाहो संपलं होतं. तो वळला नाही. मानेवरून घाम ओघळत होता, तेवढा दिसला.

इंजिन आलं. फायरमन बाहेर वाकला, हात पुढे केला. मास्तरने कडं उचललं. आणि ऐन वेळी हात आखडून घेतला.

फायरमनच्या हातात वारा आला. इंजिन पुढे गेलं, ब्रेक किंचाळले, डबे एकमेकांवर आदळत आदळत थांबले. पुढून ड्रायव्हर शिव्या द्यायला लागला. आणि हा शहाणा दोन्ही हात वर करून ओरडला, “सुटला! हातातून सुटला!”

कडं त्याच्या कोपरात लोंबत होतं.

एवढं केलंस तर उघड म्हण की, बाईमाणूस मरतंय म्हणून थांबवली. तेवढीही छाती नाही. पण मला त्या वेळी हसायला किंवा थुंकायला सवड नव्हती. गार्डाचा डबा शेवटी असतो, तो फलाटापासून थोडा मागे उभा होता. गावातून बाज आणलेल्या चौघांनी ती पुन्हा उचलली. गार्ड नको नको म्हणत होता. सोबत आलेल्या सुईणीने त्याला ढकललं आणि आम्ही चढलो. तिकडे मास्तर गोळा द्यायला इंजिनाकडे निघाला होता. अख्खी मालगाडी ओलांडून जायचं होतं. एरवी शिट्टीसरशी धावणारा माणूस, त्या दिवशी वरातीतल्या व्याह्यासारखा चालला. दोनदा थांबून चपलेतला खडा काढला. बाज आत नीट टेकेपर्यंत तो इंजिनापाशी पोचलाच नाही.

पुढच्या आठवड्यात चौकशीला साहेब आला. मी कुसुमचे कपडे न्यायला गावी आले होते. ती दवाखान्यात तापाने फणफणत होती आणि डॉक्टर काही नक्की बोलत नव्हते. मला स्टेशनात बोलावलं. पहिल्या वर्गाची खोली उघडली होती. इतकी वर्षं राखलेल्या खुर्चीवर साहेब टेकला आणि वेत फाटून कमरेपर्यंत आत गेला. त्याला दोघांनी ओढून काढलं. मग तो उभ्यानेच विचारायला लागला.

“बाई, यांनी गाडी मुद्दाम थांबवली का? खरं सांगा.”

मास्तर भिंतीला टेकून उभा होता. नोकरी जायची वेळ होती.

मी त्याच्याकडे बोट केलं. “ह्यो? सायेब, ह्याच्यात येवढी धमक कुठली! शेळी शिंकली तरी ह्यो दचकतो. हात कापत व्हता, सुटलं कडं. आसल्या मानसाला कामावर ठेवता कशाला?”

साहेब हसला. माझ्या बोलण्यात लबाडी त्याला दिसली नाही, कारण फारशी नव्हतीच. नोकरी राहिली. बदलीवर भागलं.

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाला, “बाई, शेळीचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं.”

“चाललं नसतं,” मी म्हटलं.

पावसाच्या तोंडावर तो गेला. पॅसेंजर नसल्यामुळे त्यालाही मालगाडीतच बसावं लागलं, गार्डाच्या डब्यात, ट्रंक आणि वळकटी घेऊन. मी शेळ्या घेऊन फलाटावर होते. त्याने पोर्टरला गोळा कसा धरायचा ते पुन्हा बजावलं. मग माझ्याकडे बघून दोनदा तोंड उघडलं. त्याला काय विचारायचंय ते मला कळत होतं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण त्याने कोटाची बटणं चाचपली आणि म्हणाला, “मागे सरा बाई, गाडी सुटते.” मी सरले.

पुढे त्याचं काय झालं मला माहीत नाही. स्टेशनाच्या कमानीत आता बाभळी आहेत. त्याने विचारलं नाही ते मी इथे लिहून ठेवते. कुसुम जगली. तिची मुलगी जगली नाही.