शिंगाच्या मुठी आणि दुपारची झोप

मोतीबिंदू काढल्यावर चौथ्याच दिवशी मूठवाले कामाच्या टेबलाशी जाऊन बसले. डॉक्टरांनी आठवडाभर थांबायला सांगितलं होतं, पण ऐकतील तर ते मूठवाले कसले.

जुन्या सुऱ्यांच्या शिंगाच्या मुठी दुरुस्त करणं हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. तुटल्या जागी नवं शिंग बसवायचं आणि ते पांढुरकं ठिगळ जुन्या मुठीत मिसळून जाईल असा रंग द्यायचा. परमँगनेटचे दोन-चार खडे टाकले की पाणी जांभळं होतं, आणि शिंगाला लागलं की पाहता पाहता तपकिरी. जास्त झालं तर ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने उतरवायचं. कुठे थांबायचं ते फक्त डोळा सांगतो.

टेबलावर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पुरी केलेली सुरी होती. ती त्यांनी उचलून उजेडात धरली. ठिगळ विटेसारखं लाल, उठून दिसत होतं. मग गेली दोन वर्षं, डोळ्यांपुढे धुकं असताना, जे जे लोकांच्या घरी गेलं त्याचं काय? नाव मातीत गेलं असणार आणि आपल्याला पत्ताही नाही. दुकान बंद करायचं, त्यांनी ठरवून टाकलं. पण आधी खात्री हवी.

दोन गल्ल्या सोडून डॉक्टरीणबाई राहायच्या. त्यांच्या सासूबाईंच्या सहा सुऱ्या मूठवाल्यांनी गेल्या वर्षी दुरुस्त केल्या होत्या. बाईंनी पेटी उघडून दिली. मूठवाल्यांनी एकेक सुरी खिडकीशी नेली, तर ठिगळ कुठे आहे ते त्यांचं त्यांनाच सापडेना.

"काही बिघडलंय का?" बाईंनी विचारलं.

"नाही. फारच छान झालंय."

ते रंग नेहमी पात्याकडून ओढत आणत, त्यामुळे तिथे एक बारीक गडद रेघ राहायची. इथे बराच वेळ निरखल्यावर ती दिसली, पण ठिगळाच्या दुसऱ्या टोकाला. असं उलटं काम करणारी एकच व्यक्ती त्यांना ठाऊक होती. लग्नानंतर त्यांनी बायकोला हे शिकवलं होतं, आणि ती तीनदा सांगूनही उलट्या टोकाकडून सुरू करते म्हणून "तुला नाही जमायचं" असं म्हणत ब्रश काढून घेतला होता.

घरी ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"माझ्या मुठी तू परत रंगवायचीस?"

"तुम्ही जेवून घोरत पडायचात तेव्हा," ती हात न थांबवता म्हणाली. "शेवटची तेवढी राहिली. हॉस्पिटलात तुमच्या उशाशी बसायचं होतं ना."

"सांगायचंस तरी."

"तुम्ही त्याच दिवशी दुकानाला कुलूप लावलं असतंत. मग दिवसभर माझ्या डोक्याशी कटकट."

मूठवाले तिच्यासमोर येऊन बसले. दोन वर्षं लोकांनी केलेली वाहवा त्यांनी खुशाल स्वतःच्या खिशात घातली होती, आणि ही शेजारी उभी राहून ऐकत होती. "फार उपकार झाले गं तुझे," ते म्हणाले. नवऱ्याने बायकोला असं म्हणायची पद्धत नसेल, पण त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

त्या दुपारी ते झोपले नाहीत. दोघांनी मिळून लाल रंग उतरवला आणि तिने नवा दिला.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक सुरी न्यायला आलं. मूठ निरखून म्हणालं, "काका, तुमच्या हाताला तोड नाही."

"हात माझा नाही, हिचा आहे," मूठवाले म्हणाले. "गेली दोन वर्षं हिचाच."

ती चहा टाकते म्हणून आत गेली. बराच वेळ चहा आला नाही, आणि दोघांपैकी कोणीही तिला हाक मारली नाही.