पोटरीवरचे जांभळे ठिपके

गल्लीत त्यांना सगळे पक्के आजोबा म्हणत, कारण त्यांनी रंगवलेलं कापड एक वेळ फाटेल, पण रंग सोडणार नाही. चाळीस वर्षं कढईत कापड बुडवून त्यांचे हात कोपरापर्यंत निळेजांभळे झालेले. ते जेवायला बसले की सून चेष्टा करायची, "बाबा, ताटाला रंग लावू नका."

मुलगा परगावी कामाला, सून शिवणकामाच्या कारखान्यात. चार वर्षांची नात दिवसभर आजोबांजवळ, आणि दोघांचं भारी गूळपीठ.

त्या दिवशी पोरगी उठली तीच किरकिरत. अंग तापलेलं, हातपाय मात्र गार. पाय दुखतात म्हणाली. दहाच्या सुमाराला तिच्या पोटरीवर चार-पाच जांभळे ठिपके दिसले. दुसऱ्या कुणाच्या काळजात धस्स झालं असतं. आजोबांनी साबण घेतला. आदल्याच दिवशी त्यांनी जांभळ्या रंगाची कढई लावली होती आणि ही बाजूच्या सांडलेल्या पाण्यात उड्या मारत होती. घासूनही ठिपके जाईनात, तेव्हा त्यांना, काय सांगावं, थोडं बरंच वाटलं. रंग चांगला बसला होता. सुनेचा फोन आला तेव्हा जरा कणकण आहे, झोपलीय, एवढंच त्यांनी सांगितलं. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. मला ते जमत नाही.

दुपारी ठिपके मांडीवर चढले आणि हाका मारूनही पोरगी डोळे उघडेना. मग तिला खांद्यावर टाकून ते दवाखान्यात धावले.

डॉक्टरीणबाईंनी काचेचा पेला ठिपक्यांवर दाबला. काचेखालीही ते तसेच दिसत राहिले. रक्तात जंतू पसरलेत, त्या म्हणाल्या. क्वचितच होतं, पण काही तासांत जीव जातो. तापात असे दाबूनही न विरणारे डाग दिसले की क्षणभरही थांबायचं नसतं. इंजेक्शन तिथेच दिलं, मोठ्या रुग्णालयात हलवलं. दिवस मावळायच्या आत पोर गेली.

आठवडा गेला. शेवटी आजोबा सुनेसमोर जाऊन बसले.

"मला दहा वाजताच दिसले होते गं. मला वाटलं, रंग आहे."

सून म्हणाली, "मीही बघितले होते, बाबा. सकाळी तिला कपडे घालताना. मलाही रंगच वाटला."

आजोबा तिच्याकडे बघतच राहिले. त्या सकाळी सून पोर उठायच्या आधीच कामावर गेली होती. नातीला कपडे त्यांनीच घातले होते.