ऑबर्नमधली नऊ मात्रांची संध्याकाळ

नव्वदच्या दशकात आम्ही ब्लॅकटाउनला राहत होतो, तेव्हा भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी दोन गोष्टी दाखवत असे. एक हार्बर ब्रिज, आणि दुसरी ऑबर्नमधली एक तुर्की खाणावळ, जिथे शनिवारी संध्याकाळी गाणं असायचं. ब्रिजसमोर पाहुणे फोटो काढत आणि पाच मिनिटांत ‘आता काय?’ अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघत. खाणावळीतून मात्र त्यांना हाताला धरून उठवावं लागे.

मी स्वतः गाण्यातला ढ आहे. पुण्यात बायकोबरोबर बैठकींना जायचो तेव्हा शेजारचा माणूस कधी मान हलवतो यावर डोळा ठेवून मीही हलवायचो, आणि दर वेळी अर्धा सेकंद उशीर व्हायचा. ऑबर्नमध्ये ती धास्ती नव्हती. आठवडाभर फॅक्टरीत उभं राहून आलेले पुरुष इस्त्रीचे शर्ट घालून येत, आज्या नातवंडांना मांडीवर घेऊन टाळ्या वाजवत, आणि जेवता जेवता सगळी खाणावळ गायला लागे. गाणारी बाई पन्नाशीची होती. सोमवार ते शुक्रवार ती कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. गाणं रंगलं की लोक टेबलावरचे कागदी नॅपकिन मूठमूठ उचलून तिच्यावर उधळत. दाद द्यायची ही त्यांची रीत. मला त्या माणसांचा हेवा वाटायचा, कारण आपलं गाणं त्यांनी बरोबर आणलं होतं आणि ते रोज वापरात ठेवलं होतं.

आमच्या घरी तसं नव्हतं. माझी बायको पाच वर्षांची असल्यापासून आपल्या आईकडे गाणं शिकली. सासूबाई पुण्यात गाण्याचा क्लास घेत आणि मुलीला इतर विद्यार्थिनींपेक्षा दुप्पट रागवत. इथे आल्यावर बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्टला लागली आणि रियाज आधी आठवड्यावर गेला, मग महिन्यावर, मग बंदच पडला. तंबोरा गॅरेजमध्ये बार्बेक्यूच्या मागे जाऊन बसला. पण दर पंधरा दिवसांनी पुण्याला जाणाऱ्या निळ्या एरोग्रामच्या शेवटी एक ओळ ठरलेली असे: ‘रियाज उत्तम चालू आहे.’ चार वर्षं. मी एकदा म्हटलं, “अगं, खरं काय ते कळव ना.” ती म्हणाली, “तू आईला ओळखत नाहीस.” हे मात्र खरं होतं.

मग सासूबाईंचा व्हिसा आला. तीन महिन्यांचा.

बायकोची झोप उडाली. तंबोऱ्यावरची जळमटं पुसली तेव्हा एक तार तुटलेली निघाली आणि तिला इतका आनंद झाला, की विचारू नका. ‘तार तुटलीय, इथे मिळत नाही’ या सबबीवर सासूबाई आल्यानंतरचे पहिले दोन आठवडे निघाले. पुढचा आठवडा तिचा घसा धरला होता. सासूबाई नुसत्या “बरं” म्हणत. चौथ्या शनिवारी दुपारी त्या चहा घेता घेता म्हणाल्या, “आज संध्याकाळी बस. तंबोऱ्याशिवाय चालेल.” बायकोने माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मला अजून आठवतो. मी घाईघाईने म्हणालो, “आज नको, आज बाहेर जायचंय. मी टेबल बुक केलंय.” केलं नव्हतं. बेडरूममध्ये जाऊन गुपचूप फोन केला.

उन्हाळ्याचे दिवस होते, संध्याकाळी सातला पोचलो तेव्हाही बाहेर लख्ख ऊन होतं. मालकाने नेहमीसारखं मला मिठीत घेतलं आणि पाहुण्या कोण म्हणून विचारलं. इथे मी माती खाल्ली. मोठ्या अभिमानाने सांगितलं, की या माझ्या सासूबाई, इंडियात गाणं शिकवतात, आणि बायकोही त्यांचीच शिष्या. मालकाने छातीवर हात ठेवून सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि आम्हाला वाजवणाऱ्यांच्या अगदी पुढचं टेबल दिलं. बायकोने टेबलाखाली माझा पाय तुडवला.

सासूबाईंनी भाजलेलं वांगं आणि दही आवडीने खाल्लं. मांडीवर आडवं वाद्य घेऊन वाजवणाऱ्याकडे बघून त्या म्हणाल्या, “अगं, हे तर आपलं स्वरमंडळ!” मग गाणं सुरू झालं आणि त्यांचा उजवा हात सवयीने मांडीवर ताल धरू लागला. थोड्याच वेळात कपाळाला आठ्या पडल्या.

“हा ताल धरणारा गृहस्थ दर आवर्तनाला एक मात्रा जास्त खातोय.”

“आई, हळू.”

“हळू काय? आठावर संपायला हवं. हा पुढे जातोय.”

त्यांनी सम दाखवायला टेबलावर थाप मारली, जरा जोरातच. ती एकटी पडली. बगलेत छोटं डमरूसारखं वाद्य घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याने वर पाहिलं. सासूबाईंनी पुन्हा मोजलं, पुन्हा थाप मारली, पुन्हा एकटी. तिसऱ्यांदा त्या थांबल्या. बोटाच्या पेरांवर अंगठा फिरवत पूर्ण आवर्तन मोजलं आणि माझ्याकडे वळून, एखादी गल्ली सापडावी तशा आवाजात म्हणाल्या, “नऊ आहेत हो! दोन, दोन, दोन, तीन. चुकत मीच होते.” मी त्यांना चूक कबूल करताना पहिल्यांदा पाहत होतो. पुढच्या समेला त्यांची थाप आणि म्हाताऱ्याची थाप एकत्र पडली. म्हातारा मान झुकवून हसला आणि मागच्या टेबलावरच्या बायकांनी आमच्यावर नॅपकिनचा पाऊस पाडला. सासूबाईंनी आपल्या साडीवरचे नॅपकिन एकेक गोळा करून त्यांची नीट घडी घातली.

मला वाटलं, सुटलो. पण त्या लोकांची आणखी एक रीत होती. पाहुण्यांत कुणी गाणारं असेल तर त्याला माइक दिल्याशिवाय ते राहत नसत. न देणं म्हणजे अपमान. मालकाने काहीतरी सांगितलं असणार. गाणारी बाई उठली, टेबलांमधून वाट काढत आली आणि आधी सासूबाईंपुढे माइक धरला. सासूबाईंनी हात जोडले आणि मुलीकडे बोट दाखवलं.

बायको उठली. माझ्या एका थापेने तिची चार वर्षं झाकायला निघालो होतो आणि माझ्याच बडबडीने तिला उभं केलं होतं.

तिने डोळे मिटून त्या स्वरमंडळाच्या सुरात सूर लावला. खालचे स्वर बरे लागले. मग वर चढताना आवाज कापला, एकदा सावरला, आणि वरच्या षड्जाच्या उंबरठ्यावर फाटला. मलासुद्धा कळलं. ती थांबली. मग स्वरमंडळवाल्याने तिची तीच ओळ आपल्या वाद्यावर घेतली आणि अलगद वर नेऊन पोचवली, जणू ती ओळ दोघांनी मिळूनच म्हणायची होती. लोकांनी भरभरून नॅपकिन उधळले. गाणाऱ्या बाईने बायकोचे दोन्ही गाल धरले. मी त्या माणसांचा त्या क्षणी जन्मभराचा ऋणी झालो. सासूबाई ताटाकडे बघत होत्या.

घरी येताना गाडीत ग्रॅनव्हिलच्या पुढे बायको म्हणाली, “आई, मला तुला काहीतरी सांगायचंय.”

“माहीत आहे,” मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या. “पहिल्या वर्षापासून.”

“कोणी सांगितलं?” बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी जोरात नकारार्थी मान हलवली.

“तुझ्या पत्रांनी. ‘उत्तम चालू आहे’ म्हणे. अगं, रियाज कधी कुणाचा उत्तम चालतो का? माझा पन्नास वर्षांत एक दिवस चालला नाही. रोज बसणारं माणूस रडतं, कटकट करतं. तू चार वर्षांत एकदाही तक्रार केली नाहीस.”

बायको रडायला लागली. सासूबाईंनी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पर्समधून घडी घातलेला एक नॅपकिन काढून दिला.

त्या गेल्यानंतर पंधरा दिवसांनी बायकोने एरोग्राम लिहिला. मी तो चोरून वाचला. ‘खर्ज लागत नाही. पहाटे घसा उघडत नाही. शेजारचा कुत्रा माझ्याबरोबर भुंकतो आणि तुझा जावई उठून दार लावून घेतो. नऊ मात्रा अजून बसत नाहीत. मला वाटतं, माझं काही होणार नाही.’

पुण्याहून उत्तर आलं. इतर सगळी खुशाली झाल्यावर खाली एकच ओळ होती: ‘तक्रारी पोचल्या. फार बरं वाटलं.’